परसबागेतले लपलेले कीटक आणि त्यांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेरला आमच्या घरामागे छोटी परसबाग आहे. लिंबू, कढीपत्ता, पेरू, एक जुना आंबा, तगर, कुंपणावर चढलेली गुळवेल आणि पावसाळ्यात आपसूक उगवणारा एरंड, एवढंच. याच जागेत मी गेली काही वर्षं लपून बसणाऱ्या कीटकांचे फोटो काढते आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिक्षक, शेतकरी, कॉलेजची मुलं तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरातून दुसऱ्याकडे जाता यावं यासाठी प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. हिरवा किडा हिरव्या पानावर बसला, म्हणजे तो लपला असं समजायचं का?

नुसत्या रंगाने काम भागत नाही. हिरव्या पानावर हिरवी गोटी ठेवली तरी ती आपल्याला दिसते, कारण तिला गोल कड आहे आणि खाली सावली पडते. कीटकाला रंगाबरोबर ही कड आणि सावलीसुद्धा लपवावी लागते. आंब्याच्या सालीवर राहणारा चपटा प्रार्थनाकीटक सालीला इतका चिकटून बसतो की त्याची सावलीच पडत नाही. उंटअळी मागच्या पायांनी फांदी धरते, बाकीचं अंग तिरपं ताठ करते आणि तुटलेल्या काडीसारखी तासन्‌तास उभी राहते. काडीकिडा वाऱ्याबरोबर डुलतो, कारण सगळी पानं हलत असताना एकच काडी स्थिर राहिली तर तीच नजरेत भरते.

काही कीटक तर खाण्यालायक नसलेल्या वस्तूचंच सोंग घेतात. पक्ष्याची विष्ठा, काटा, वाळकं पान, कचऱ्याचा पुंजका अशी ती सोंगं असतात (प्रश्न ३ आणि १३ पहा).

२. आमच्या बागेत असे कीटकच नाहीत. तुम्हाला सापडतात तरी कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझं सांगणं एवढंच असतं की किडा शोधू नका, त्याने मागे ठेवलेल्या खुणा शोधा.

पहिली खूण म्हणजे खाल्लेलं पान. कड ताजी कुरतडलेली असेल तर ती हिरवी, ओलसर दिसते. जुनी कड तपकिरी पडते. दुसरी खूण लेंड्यांची. खालच्या पानावर किंवा जमिनीवर बारीक काळ्या-हिरव्या लेंड्या दिसल्या की मान वर करा, अळी बरोबर वरच्या फांदीवर असते. तिसरी युक्ती उजेडाची आहे. सकाळचं कोवळं ऊन पानाच्या मागून येत असेल अशा बाजूला उभे राहा आणि खालून वर बघा. वरून न दिसणारा किडा पानातून सावलीच्या रूपात दिसतो. चौथी खूण मुंग्यांची. तुरीच्या किंवा बाभळीच्या एकाच फांदीवर मुंग्यांची ये-जा चालू असेल तर तिथल्या काट्यांकडे नीट बघा. त्यातले काही काटे म्हणजे पाठीवर शिंगं असलेले तुडतुडे असतात. ते गोड रस सोडतात आणि मुंग्या त्यासाठी येतात.

एका झाडापाशी दहा मिनिटं थांबा. संपूर्ण बागेला चक्कर मारणाऱ्याला काही दिसत नाही. एकदा मी आंब्यापाशी अशीच उभी होते, तर शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं, "काय देखी राहिनात ताई? आठे ते काहीच नई शे." (काय बघताय ताई? इथे तर काहीच नाही.) मी त्यांना हाताशी असलेलं एक पान दाखवलं. पानाची मधली शीर फिकट पिवळसर होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे हिरवे केस पानावर सपाट पसरलेले होते. काकूंना अर्धा मिनिट काहीच कळलं नाही. मग ती शीर देठाकडे सरकली आणि काकू एकदम मागे झाल्या. ती कॉमन बॅरन फुलपाखराची अळी होती. तिच्या पाठीवर लांबलचक फिकट रेघ असते आणि ती रेघ पानाच्या मधल्या शिरेवर नेमकी बसवूनच अळी विसावते. अंगाच्या दोन्ही बाजूंचे फांद्याफांद्यांचे काटे पानावर टेकलेले असल्यामुळे अंगाची कडही दिसत नाही आणि सावलीही उरत नाही. त्या दिवसापासून आमच्या आंब्याची पानं माझ्याआधी काकूच तपासतात.

कुठे काय बघायचं तेही सांगते. लिंबू आणि कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या आणि बहुरूपी फुलपाखराच्या अळ्या असतात. तगर आणि कण्हेरीवर एका मोठ्या हिरव्या पतंगाची बोटाएवढी जाड अळी सापडते, तिला डोक्यामागे निळे डोळे रंगवल्यासारखे ठिपके असतात. एरंडावर उंटअळी. गुळवेलीवर फळांतला रस शोषणाऱ्या पतंगाची अळी. मोसंबी-डाळिंबवाले या पतंगाला चांगलंच ओळखतात, पण दिवसा तो पानांत बसला की पुढचे पंख हुबेहूब पानासारखे दिसतात आणि ओळखणाऱ्यालाही सापडत नाही.

३. लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा होती, ती पुसायला गेले तर हलली. ते काय होतं?

लिंबाच्या फुलपाखराची लहान अळी. अंड्यातून बाहेर आल्यापासून पहिल्या चार अवस्थांत (दोन कातींमधल्या टप्प्यांत) ती काळपट-तपकिरी असते, मध्ये पांढरा पट्टा असतो आणि अंग ओलं चकचकीत दिसतं. शेवटची कात टाकून पाचव्या अवस्थेत आली की ती हिरवीगार होते, कारण आता ती विष्ठेच्या मानाने फार मोठी झालेली असते आणि ते सोंग पटणारं राहत नाही. एकाच फांदीवर दोन्ही रूपं दिसली तर दोन जाती आहेत असं समजू नका.

डिवचली तर डोक्यामागून नारिंगी दोन शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. हा फोटो सगळ्यांना हवा असतो, पण त्यासाठी तिला काडीने टोचू नका. मुंगी किंवा माशी जवळ आली की कधीकधी आपोआप दिसतं.

अळी लहान असताना तिच्यावर चमक फार येते. एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमी ठेवा, नाहीतर पांढरा पट्टा जळून जातो.

४. खानदेशात कोणत्या महिन्यांत बघायचं?

मृगाचा पाऊस पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत सुरुवात होते आणि दिवाळीपर्यंत भरपूर मिळतं. थंडीत प्रकार कमी होतात पण फोटो चांगले येतात. पौषात आपल्याकडे पारा दहा अंशांच्या खाली जातो, सकाळी कीटक गारठलेले असतात आणि दवबिंदूंसकट शांत बसून राहतात.

चैत्र-वैशाखात लोक सोडून देतात. मी तेव्हा झाडांची खोडं बघते. पानं कमी, ऊन पंचेचाळीस अंशांपर्यंत, अशा दिवसांत सालीवरचे पतंग आणि चपटे प्रार्थनाकीटक शोधणं उलट सोपं जातं.

५. दिवसाची चांगली वेळ कोणती?

सूर्य उगवल्यापासून दोन तास. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा. आपल्याकडे दुपारचं ऊन माणसाला, मोबाइलला आणि फोटोला तिन्हींना सोसत नाही. उन्हाळ्यात मोबाइल तापला म्हणून कॅमेराच बंद पडतो, तेव्हा तो सावलीत ठेवा, फ्रीजमध्ये ठेवू नका. आत पाणी धरतं. रात्रीसाठी प्रश्न १५ पहा.

६. साध्या मोबाइलवर जमेल का?

जमेल. माझे पहिल्या वर्षाचे सगळे फोटो मोबाइलवरचेच आहेत. तीन गोष्टी सांभाळा.

मोबाइल किड्याला चिकटवू नका. बऱ्याच फोनमध्ये मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची सोय) सुरू केलं की रुंद कोनाची लेन्स लागते आणि तीन-चार सेंटिमीटरवर जावं लागतं. तेवढ्या जवळ गेलं की फोनचीच सावली पडते आणि किडा पळतो. त्यापेक्षा हातभर अंतरावरून दोन पट झूम करा. दुसरं, स्क्रीनवर किड्याच्या डोक्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही तिथे अडकतात. तिसरं, वारा असेल तर दुसऱ्या हाताने फांदी धरा, पान धरू नका.

क्लिपने लावायची मॅक्रो लेन्स काही शे रुपयांत मिळते. लहान अळ्यांसाठी ती उपयोगी आहे, पण कडेला चित्र धूसर येतं, म्हणून किडा मधोमध ठेवा.

७. माझ्याकडे डीएसएलआर आहे. सेटिंग काय ठेवू?

सुरुवात इथून करा: मॅन्युअल मोड, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं लहान) एफ ८ ते एफ ११, फ्लॅश असेल तर शटर (उजेड आत घेण्याचा वेळ) १/२०० सेकंद, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) २०० ते ४००. फ्लॅश नसेल तर आयएसओ ८०० ते १६०० पर्यंत चढवायला घाबरू नका. दाणे दिसले तरी चालतील, हललेला फोटो वाया जातो. एफ १६ च्या पुढे गेलं की सगळंच किंचित मऊ पडायला लागतं, त्यामुळे मी तिकडे जात नाही.

फोटोत किती खोलीपर्यंत स्पष्ट दिसतं याचा हिशेब एकदा समजून घ्या, मग निम्म्या अडचणी सुटतात. मॅक्रो लेन्सवर १:१ म्हणजे एक सेंटिमीटरचा किडा सेन्सरवरही एक सेंटिमीटरचाच उमटतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एफ ११ ला एवढ्या जवळून काढलं तर स्पष्ट दिसणारा थर दीड मिलिमीटरसुद्धा नसतो. तोच फोटो जरा मागे येऊन १:४ ला घेतला तर हा थर सव्वा सेंटिमीटरच्या आसपास होतो. म्हणजे किडा, पान आणि शेजारची फांदी तिन्ही एकत्र स्पष्ट हवी असतील तर मागे यावंच लागतं. लपलेल्या कीटकासाठी मला तरी हाच फोटो जास्त महत्त्वाचा वाटतो (प्रश्न १०).

मॅक्रो लेन्स घ्यायला पैसे नसतील तर एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) घ्या. ५० मिमीच्या साध्या लेन्समागे एकूण ५० मिमीच्या ट्यूब लावल्या की १:१ मिळतं. फक्त उजेड बराच कमी होतो. आणि काळ्या मातीची धूळ सेन्सरवर जाऊ नये म्हणून लेन्स घरात बदला, शेताच्या बांधावर नको.

८. फोकस सारखा पानावरच जातो, किड्यावर येत नाही. काय करू?

ऑटोफोकस कड आणि रंगातला फरक शोधतो, आणि लपलेल्या किड्याने नेमकं तेच पुसलेलं असतं. त्यामुळे कॅमेऱ्याचा दोष नाही. मॅन्युअल फोकस करा, अंतर ठरवून टाका आणि स्वतःच अंग हळूहळू पुढे-मागे झुलवत डोळा स्पष्ट झाला की बटण दाबा. कोपर गुडघ्यावर किंवा जमिनीवर टेकवा. पाच-सहा फोटो सलग काढा, त्यात एक तरी बसतो.

लांबट अळी असेल तर कॅमेऱ्याचा मागचा भाग तिच्या अंगाला समांतर धरा. थर पातळ असतो, तो तिच्या अंगावर आडवा घालू नका, लांबीने घाला.

९. फ्लॅश लावल्यावर किडा एकदम उठून दिसतो, पण खरा वाटत नाही. फ्लॅश वापरावा की नाही?

बऱ्याच प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असतं. आकाशातून उजेड वरून पडतो, पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि रंग बरोबर उलटे असल्यामुळे दोन्ही सारखे होऊन प्राणी सपाट भासतो. अ‍ॅबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने १८९६ मध्ये हे मांडलं. रंगवताना गोलाई छायेतून कशी येते ते चित्रकाराला हातानेच माहीत असतं, म्हणून त्याला ते दिसलं असावं. फांदीला उलट्या लटकणाऱ्या काही अळ्यांत हा क्रमही उलटा असतो, पोट गडद आणि पाठ फिकट.

मग फ्लॅशचं उत्तर सोपं होतं. लपणं दाखवायचं असेल तर उजेड वरून आणि मऊ द्या. बटर पेपर किंवा टीव्हीच्या खोक्यातला पातळ पांढरा फोम फ्लॅशपुढे कमानीसारखा चिकटपट्टीने लावा. किडा उघड करायचा असेल तर तोच फ्लॅश हातात घेऊन बाजूने किंवा खालून मारा. गोलाई लगेच वर येते. मी दोन्ही फोटो काढते.

१०. घरचे म्हणतात, "यात किडा कुठे आहे?" मग असा फोटो काढून उपयोग काय?

त्यांनी हा प्रश्न विचारला म्हणजे फोटो जमला.

स्पर्धांमध्ये नेहमी असे फोटो दिसतात: मागे काळी किंवा गुळगुळीत हिरवी पार्श्वभूमी आणि पुढे एकटा प्रार्थनाकीटक, डोळ्यातला प्रत्येक ठिपका स्पष्ट. सुंदर असतात. पण त्या फोटोतून तो कीटक दिवसभर काय करतो ते कळत नाही. अर्धा कीटक त्याच्या अंगात असतो आणि अर्धा त्या जागेत. आंब्याच्या पानाशिवाय बॅरनची अळी म्हणजे नुसता विचित्र केसाळ किडा. पानासकट ती काय आहे ते कळतं. म्हणून जागा कापू नका, एवढंच माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

माझी पद्धत अशी: पहिला फोटो मी उभी असताना डोळ्यांना जे दिसलं तेवढाच, फांदीसकट. दुसरा हातभर अंतरावरून, किडा चौकटीत पण मध्यभागी नाही. तिसरा जवळून, अंगाची कड जिथे पानाला मिळते तो भाग. चौथा प्रश्न ९ मधल्यासारखा बाजूच्या उजेडात, उघड केलेला. शाळेत मुलांना दाखवायचे असतील तर याच क्रमाने दाखवा. पहिल्या फोटोवर मुलं आधी कुरकुरतात, मग एक कोणीतरी ओरडतं, आणि पुढचा सगळा वर्ग त्याच्या बोटाकडे बघतो.

११. चांगला फोटो यावा म्हणून अळी दुसऱ्या पानावर ठेवली तर चालेल का? थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतात असंही ऐकलं.

दोन्ही करू नका. मी पहिलं केलेलं आहे. आंब्यावरची बॅरनची अळी अडचणीच्या फांदीवर होती, म्हणून मी तिला उजेडातल्या कोवळ्या तांबूस पानावर ठेवलं. हिरवी अळी तांबूस पानावर, रेघ शिरेला आडवी. मी लेन्स आणायला घरात गेले तेवढ्यात बुलबुल येऊन गेला आणि परत आले तर पान रिकामं होतं. बुलबुलाने त्याचं पोट भरलं, त्याचा दोष नाही. ती अळी तिच्या पानावर असती तर वाचली असती.

गारठवलेला कीटक पाय आणि मिशा वेगळ्याच रीतीने आखडतो. जाणकाराला ते फोटोत लगेच कळतं आणि कीटकाचं नुकसान होतं ते वेगळंच. गारठलेला कीटक हवा असेल तर पौषातली सकाळ आहेच (प्रश्न ४). अळी हलवायला एकच सबब मी मान्य करते, ती प्रश्न १४ मध्ये.

१२. फुलावरचा पांढरा कोळी आणि मृगाचा किडा यांचे फोटो या संग्रहात धरायचे का?

दोघेही कीटक नाहीत. कीटकाला सहा पाय, यांना आठ. खेकड्यासारखा बसणारा फुलावरचा कोळी मात्र लपण्यात तरबेज आहे आणि त्याच्या काही जातींच्या माद्या काही दिवसांत पांढऱ्याच्या पिवळ्या होऊ शकतात, तेव्हा फोटो जरूर काढा, फक्त नाव कोळी म्हणूनच लिहा. फुलावर मधमाशी बराच वेळ न हलता, मान टाकून दिसली तर तिच्या खाली हा असतो.

मृगाचा लाल मखमली किडा लपतच नाही. त्याचा लालभडक रंग दिसण्यासाठीच आहे.

१३. वांग्याच्या पानावर कापसाचा पुंजका चालताना पाहिला. भास होता का?

भास नव्हता. जाळीदार पंखांचा एक नाजूक हिरवा कीटक असतो, शेतकरी त्याला क्रायसोपा म्हणून ओळखतात. त्याच्या काही जातींची अळी खाऊन टाकलेल्या माव्याची आणि पिठ्या ढेकणाची सालं, मेण, धागे पाठीवर रचते. माझ्या वांग्यावर तो पुंजका ज्वारीच्या दाण्याएवढा होता. जवळून बघितलं तर पुढे विळ्यासारखे दोन वाकडे जबडे दिसले. तिने एक पिठ्या ढेकूण पकडला, शोषला, मान मागे वळवली आणि रिकामं साल पाठीवर ठेवून डोक्याने दाबलं. हे सगळं पाहायला मला चाळीस मिनिटं लागली आणि फोटो आले तीन. ती पिकाची मित्र आहे, तिला झटकू नका.

घराच्या कोपऱ्यात धुळीचा गोळा चालताना दिसला तर तो वेगळा. तो शिकारी ढेकणाचं पिल्लू असतो. अंगावर माती आणि कधी खाल्लेल्या मुंग्यांची प्रेतं चिकटवून हिंडतो. हात लावू नका, चावला तर फार दुखतं. आणि बाभळीवर काड्यांची बारीक मोळी लोंबत असेल आणि हळूच वर सरकत असेल, तर आत एक पतंगाची अळी आहे.

१४. आम्ही शेतकरी माणसं. अळी दिसली की मारायची सवय. तुम्ही फोटो काढता, मग झाडाचं काय?

प्रश्न रास्त आहे. कपाशीतली बोंडअळी किंवा हरभऱ्यातली घाटेअळी सोडून द्या असं मी म्हणणार नाही, तिथे घर चालतं. पण परसातलं मोठं लिंबाचं झाड दहा-पंधरा अळ्या सहज सोसतं. त्यातल्या बऱ्याचशा पक्षी आणि गांधीलमाश्याच नेतात.

रोप लहान असेल आणि चार अळ्यांनी ते बोडकं होणार असेल, तर अळीला हात न लावता ती बसलेलं पान देठासकट तोडा आणि त्याच जातीच्या मोठ्या झाडाच्या फांदीत अडकवा. ती आपापली नव्या पानावर जाते. लिंबाची लिंबावर, आंब्याची आंब्यावर.

फवारलेल्या शेतात फोटोसाठी लगेच शिरू नका. आपण पानाला नाक लावून बसतो, हे विसरायचं नाही.

१५. रात्री टॉर्च घेऊन गेलं तर जास्त सापडतात का?

खूप जास्त. काडीकिडे, लांब मिशांचे पानासारखे नाकतोडे रात्रीच खायला बाहेर येतात. साध्या टॉर्चचा झोत पानाला जवळजवळ समांतर टाका, उंचवटे सावल्यांनी उघडे पडतात.

अतिनील टॉर्चखाली बऱ्याच अळ्या फिकट हिरवट-निळ्या चमकतात आणि पान गडद लालसर राहतं. दिवसा तासभर न सापडलेली अळी मिनिटात सापडते. तो झोत कोणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि कीटकावरही फार वेळ धरू नका. सापडली की बंद करून साध्या उजेडात फोटो घ्या. याच टॉर्चखाली विंचूही चमकतो, म्हणून प्रश्न १६ आधी वाचा.

१६. काही चावत-डसत नाही ना?

बहुतेक काहीच करत नाहीत. पण घोणस अळी लक्षात ठेवा. ती पानाला चिकटलेली, चपटी, हिरवी असते, म्हणजे तीही लपणारीच. २०२२ च्या पावसाळ्यात राज्यात तिच्या बातम्यांनी भीती पसरली होती. काटे टोचले तर आग होते. चिकटपट्टी लावून ओढा म्हणजे काटे निघतात, साबणाने धुवा, बर्फ लावा, आणि सूज वाढली, श्वास जड झाला तर थेट डॉक्टरांकडे जा.

खरी काळजी जमिनीवर, विंचवासारख्यांची घ्यायची. पावसाळ्यात बूट घातल्याशिवाय गवतात गुडघे टेकू नका, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. फोकस करताना माणसाला आजूबाजूचं भान राहत नाही.

१७. एकाच जातीचा एक कीटक हिरवा आणि दुसरा तपकिरी कसा? सरड्यासारखा रंग बदलतात का?

सरड्यासारखा बघता बघता नाही. प्रार्थनाकीटक आणि नाकतोड्यांत एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही असतात, आणि रंग बदललाच तर बहुधा कात टाकताना. लिंबाच्या फुलपाखराचा कोष हिरव्या फांदीवर हिरवा आणि वाळक्या काडीवर तपकिरी होऊ शकतो, पण एकदा झाला की तोच राहतो.

सगळ्यात बघण्यासारखं उदाहरण संध्याकाळी पाचोळ्यातून उडणाऱ्या ईव्हनिंग ब्राउन फुलपाखराचं. पावसाळ्यात जन्मलेल्यांच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्यांचे ते जवळजवळ पुसले जातात आणि फुलपाखरू हुबेहूब वाळकं पान होतं. श्रावणात एक आणि माघात एक फोटो काढून शेजारी ठेवा.

१८. जमिनीवरून उडताना किड्याचे पंख रंगीत दिसले, बसला तिथे गेलो तर काहीच नाही. कुठे गेला?

तिथेच आहे. काही नाकतोड्यांचे आणि पतंगांचे मागचे पंख रंगीत असतात आणि पुढचे मातीच्या किंवा सालीच्या रंगाचे. पाठलाग करणारा रंगीत वस्तू शोधत राहतो आणि बसताक्षणी तो रंग झाकला जातो. एरंडावरच्या उंटअळीचा पतंगही असाच, मागचे पंख काळे-पांढरे. बसलेल्या जागेच्या दोन हात अलीकडे थांबा, खाली बसा, आणि मातीच्या ढेकळाला मिशा आहेत का ते बघा.

१९. फोटो एडिट करताना काय करावं?

कमी. रंग गडद केले की पानाचा हिरवा आणि अळीचा हिरवा वेगळे पडतात आणि लपणं खोटं ठरतं. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ फाइल) ठेवा, व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा असा रंगांचा तोल) नीट करा, थोडं कापा, बस. कीटकाभोवतीचं पान पुसणं किंवा धूसर करणं टाळा.

एक गंमत करून बघा: फोटो कृष्णधवल करा. कधी किडा पूर्ण नाहीसा होतो, कधी उलट एकदम दिसतो. रंगाने लपला होता की छायेने, ते यातून कळतं.

२०. नाव कसं शोधू?

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या वेबसाइटवर टाका, तिथे जाणकार फोटोवरून नाव ओळखून देतात. वरून, बाजूने आणि डोक्याचा असे तीन फोटो द्या आणि झाड कोणतं ते नक्की लिहा. अळीचं नाव निम्म्या वेळा झाडावरूनच लागतं. जुलैच्या शेवटी जगभर पतंगांचा सप्ताह असतो आणि सप्टेंबरमध्ये देशात फुलपाखरांचा महिना, तेव्हा ओळखून देणारे जास्त जागे असतात.

यावल, अनेर डॅम किंवा पाटणादेवीकडे जंगलात जाणार असाल तर वन विभागाची परवानगी आणि वेळा आधी विचारून घ्या. तिथून कीटक, कोष, काहीही उचलून आणू नका.

२१. माझी अळी दोन दिवस जागची हललेली नाही. मेली का?

बहुधा नाही. कात टाकण्याआधी अळी दिवसभर, कधी जास्त, पूर्ण स्थिर बसते. डोकं फुगल्यासारखं आणि पुढे सरकलेलं दिसतं. या वेळी तिला हलवलं तर जुनी कात नीट निघत नाही आणि ती मरू शकते, म्हणून फांदीलाही हात लावू नका. कोषात जाण्याआधीही अशीच थांबते. तगरीवरची हिरवी अळी त्या वेळी तपकिरी होते आणि झाडावरून उतरून पाचोळ्यात जाते. लोकांना वाटतं ती रोगाने काळी पडली.

अंगावर किंवा शेजारी बारीक पांढरे कापसासारखे कोष चिकटलेले असतील तर मात्र ती अळी आतून एका लहान गांधीलमाशीच्या पिल्लांनी खाल्लेली आहे, आणि ती वाचणार नाही. ते कोष तिची अंडी नव्हेत. तोही फोटो काढा, तारीख लिहा, आणि आठवडाभर रोज त्याच वेळी जाऊन बघा. त्या कोषांची टोपणं उघडलेली दिसतील आणि मुंगीएवढ्या काळ्या माश्या त्याच पानावर पंख वाळवत बसलेल्या असतील.